ओळख काउंटरपुरती

परवा बसस्टँडवर मॅनेजर दिसले आणि त्यांनी मला ओळखलं नाही. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. मी चांगली या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओ मॅनेजर!" रसवंतीवाला वळला, कंडक्टर वळला, पेपर वाचणाऱ्या एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर तेवढे वेळापत्रकाच्या बोर्डाकडे बघत उभे राहिले. त्या बोर्डावरची अक्षरं कधीच पुसली गेली आहेत, तरी ते वाचत होते. मग धोतराचा सोगा सावरून माझ्या अगदी बाजूनं निघून गेले. शेजारची बाई मला म्हणाली, "बहिरे हायत का व ते?" मी म्हटलं, "नाही हो, लॉजवाले आहेत."

आता हे नीट सांगावं लागेल.

आमच्या गावात नगर परिषदेचा एक बेघर निवारा होता. मॅनेजर त्याचे व्यवस्थापक. मी आणि माझी आई तिथं राहिलो होतो. हे एवढंसं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहितानाही मान आपोआप मागे वळून बघते, कोणी वाचत तर नाही ना.

मॅनेजरांची सगळी हयात मलकापूरला स्टेशनासमोरच्या एका लॉजच्या काउंटरवर गेलेली. ती लॉज मालकांच्या भावाभावांच्या भांडणात बंद पडली. तेव्हा एका संस्थेनं निवारा चालवायला घेतला होता आणि तिला रात्रंदिवस थांबणारा माणूस हवा होता. हे आले. येताना काउंटरवरची घंटी घेऊन आले, ती टकटक वाजवायची पितळी असते ती. निवारा म्हणजे नगर परिषदेची बंद पडलेली शाळा. एका खोलीत बायका, दुसरीत पुरुष, मधल्या पडवीत स्वयंपाक. मास्तरांचं जुनं टेबल मॅनेजरांनी दारात आडवं लावलं, त्यावर घंटी ठेवली आणि झालं काउंटर तयार. भिंतीवर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती, 'सामानाची जबाबदारी गिऱ्हाइकाची राहील'. तिथं येणाऱ्या माणसाजवळ सामान म्हणजे एक पिशवी, फार तर एक गोधडी. पण पाटी पाहिजे म्हणजे पाहिजे. लॉजला असते.

आम्ही गेलो ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. आमचं मूळ गाव पिंपळगाव राजाकडचं. वडील गेले आणि काकांनी घराला कुलूप लावलं, आमच्या भांड्याकुंड्यांसकट. आई मला घेऊन इथं जिनिंगमध्ये कामाला आली. कापसाचा हंगाम होता तोवर जिनिंगच्या आवारात पत्र्याची खोली मिळाली. हंगाम सरला, गेटला कुलूप लागलं. परत कुलूपच. काही दिवस स्टेशनाच्या बाकड्यावर काढले. मी तेव्हा अकरावीत, केसांना दोन वेण्या, आणि सकाळी स्टेशनाच्या नळावर तोंड धुताना वर्गातलं कोणी गाडीतून उतरत नाही ना, हे बघायचे. शेवटी हमालांपैकी कोणीतरी आईला निवाऱ्याचा पत्ता दिला.

दारात टेबल, टेबलामागे धोतर, टोपी आणि जाड मिशा. आम्ही उभ्या. मॅनेजरांनी घंटी वाजवली, म्हणजे स्वतःच वाजवली आणि स्वतःच मान वर केली.

"सिंगल का डबल?"

आईला वाटलं आपण चुकून खऱ्याच लॉजवर आलो. ती माझा हात धरून मागे वळली. "माफ करा भाऊ, चुकलं आमचं. पैसे नाईत आमच्यापाशी."

"पैसे मांगले कोनी? सिंगल का डबल विचारून राह्यलो मी. अन् भाऊ म्हनू नका. मॅनेजर म्हना."

"डबल," मी म्हटलं. मला राग आला होता, भूकही लागली होती.

"खिडकीजवळची हाय. बसा." त्यांनी रजिस्टरात आमची नावं लिहून घेतली, मग आईच्या तोंडाकडे बघून जरा आवाज उतरवून म्हणाले, "बाई, आमच्या लॉजवर औषधाच्या कंपनीचे लोक उतरत. टाय-बिय लावून. भाडं कोन भरे त्यांचं? कंपनी. त्याहिले कधी लाज वाटली? उलट चादर धुतली नाई म्हनून मलेच झापत. तुमचं भाडं नगर परिषद भरते. तुम्ही कंपनीचे गेस्ट. बसा आता."

आई बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपनीचे गेस्ट! मला त्या माणसाचा जीव घ्यावासा वाटला.

पण ते थट्टा करत नव्हते, हे हळूहळू कळलं. त्यांना खरोखरच दुसरं काही येत नव्हतं. सकाळी दारावर टकटक करून सांगायचे, "उठा साहेब, गाडीचा टाइम झाला." कुठली गाडी? एकालाही कुठं जायचं नसायचं. एक पाय अधू असलेला म्हातारा तर रोज उठून विचारायचा, "कोनती गाडी?" आणि मॅनेजर तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "पॅसेंजर. लेट हाय. दाढी करून घ्या तवर." म्हातारा दाढी करायचा. माझ्या लक्षात आलं की त्यांच्या निवाऱ्यात पुरुष दाढी केल्याशिवाय नाश्त्याला बसत नसत. दाढी केलेल्या माणसाला ढाब्यावर, वखारीवर काम मिळतं, आणि मॅनेजरांच्या ओळखी अशा सगळ्या ठिकाणी होत्या. आईला त्यांनी दवाखान्यात आयाबाईचं काम मिळवून दिलं.

चादरींवरून मात्र त्यांचा जीव जायचा. डाग दिसला की अख्ख्या निवाऱ्याला ऐकू जाईल अशी आरडाओरड. "थ्री-स्टार हाय काय बे हे? नाई ना? मंग चादर तरी साजरी ठेवा!"

पैशाचा कारभार कसा चाले, हे मला त्यांच्याचमुळे कळलं, कारण ते दुपारी काउंटरवर बसून मोठ्यानं त्रागा करायचे आणि मी बाजूला अभ्यास करत असायचे. इमारत नगर परिषदेची. चालवायचा खर्च सरकारी योजनेतून, तो नगर परिषदेत येणार, तिथून संस्थेला, संस्थेकडून किराण्याला. हप्ता यायचा तेव्हा यायचा. आणि तो येण्याआधी तपासणी व्हायची. तपासणीवाले आले की आधी खाटा बघत. खाटा रिकाम्या दिसल्या की विचारत, गरजच नाही तर निवारा कशाला? खाटा भरलेल्या आणि माणसं तीच दिसली की विचारत, अजून यांचं पुनर्वसन कसं झालं नाही?

"लॉज फुल पाह्यजे का खाली पाह्यजे, एकडाव काय ते सांगा ना," मॅनेजर तपासणीवाल्या साहेबांना तोंडावर म्हणाले होते. साहेब हसले. मॅनेजर हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

मला सगळ्यात भीती वाटायची ती एकाच प्रश्नाची. कॉलेजात मुली विचारायच्या, कुठं राहतेस गं? मी काहीतरी पुटपुटायचे. एकदा मॅनेजरांनी ऐकलं की मी याच्यावरून आईशी भांडतेय. लगेच मध्ये पडले. "लॉजवर उतरलो म्हनून सांगायचं. त्याच्यात काय?"

मी ताडकन उठले. "मॅनेजर, पोरीच्या जातीनं लॉजवर राहते म्हणून सांगायचं? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. बराच वेळ घंटीवर बोट ठेवून बसून राहिले, वाजवली नाही. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लॉज म्हणजे त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात इज्जतदार जागा. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, "जिनिंगच्या कॉलनीत राहतो म्हनून सांगजो. अन् म्या तुले काही लॉज-बिज म्हटलं नाई. विसरजो ते."

पुढं आईचा पगार सुरू झाला, आम्ही खोली बघितली. घरमालकानं विचारलं, आधी कुठं होत्या? आई माझ्याकडे बघायला लागली. आमच्याबरोबर आलेले मॅनेजर पुढं होऊन म्हणाले, "माझ्या ओळखीतल्या हायत. चांगल्या हायत. चादरीवर एक डाग नाई यांच्या." घरमालक चक्रावला, पण खोली मिळाली.

निघताना त्यांनी आम्हाला काउंटरसमोर उभं केलं. घंटी वाजवली. "सामान पाहून घ्या, काही राह्यलं तं नाई?" आमच्या दोन पिशव्या होत्या. मग त्यांनी हात जोडले. "लॉजवाला म्हनते, पुन्हा या. मी म्हनत नाई. पुन्हा उतरू नका इथं. अन् एक सांगतो, राग मानू नका. आपली ओळख काउंटरपुरती. उद्या बजारात भेटलो तं मी तुम्हाले ओळखनार नाई. तुम्ही बी ओळख देऊ नका."

आईनं विचारलं, "असं काऊन हो मॅनेजर?"

"लॉजवरचा मानूस रस्त्यात दिसला, त्याच्यासंग बायको हाय, लेकरं हायत. आपन म्हनलं, नमस्कार साहेब, मांगल्या खेपेले आलते ना? गेला बिचारा कामातून. जो मॅनेजर गिऱ्हाइकाले रस्त्यात ओळखते, त्याच्या लॉजवर कोनी उतरत नाई."

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. पण नाही. महिन्याभरात भाजीबाजारात ते समोरून आले. आईच्या चेहऱ्यावर अगदी माहेरचं माणूस दिसल्यागत हसू आलं. मॅनेजरांनी आमच्या दोघींच्या मधून पलीकडे पाहिलं आणि भाजीवाल्याला विचारलं, "वांगे कसे देल्ले?" आई घरी येऊन जेवली नाही. मी मात्र, खरं सांगते, खूश होते. कॉलेजची एक मैत्रीण तेव्हा शेजारच्याच गाड्यावर कोथिंबीर घेत होती.

असे त्यांनी कितीजण गावात सोडले असतील कोण जाणे. ढाब्यावर, दवाखान्यात, कापडाच्या दुकानात, शाळेच्या गेटवर. एकमेकांना ओळख न देणारी माणसं सगळ्या गावभर.

माझं लग्न गावातच झालं. सासरी सांगितलं होतं, मायलेकी जिनिंगच्या कॉलनीत राहत होत्या. आईनं नवऱ्यापासूनही लपवायला लावलं आणि मीही आनंदानं लपवलं. मॅनेजरांना पत्रिका द्यायला आई एकटीच गेली. ते पत्रिकेला हात लावेनात. म्हणाले, "कोन बाई, कोनाच्या घरचं लगन, मले काय ठाव?" तरी लग्नाला आले! पंगतीत बसून जिलब्या हाणल्या. माझ्या दिरानं विचारलं, तुम्ही कोणाकडले? म्हणाले, नवरीकडला. माझ्या मामानं विचारलं, तर म्हणाले, नवरदेवाकडला. आहेरात एक स्टीलचा तांब्या ठेवून गेले. आमच्याकडे भांड्यावर मशीननं नाव टाकून देतात, यांच्या तांब्यावर नाव नाही. कोरा करकरीत.

सासूबाईंनी ते सगळं टिपलं होतं. सासूबाई दुसरबीडकडच्या, बोलण्यात जालन्याकडचा ताल, आणि नजर अशी की घरात माशी आली तर कुठल्या दारानं आली ते सांगतील. पुढं कितीतरी वर्षं त्या लग्नाची गोष्ट सांगताना म्हणायच्या, "अन् त्यो एक फुकट्या! दोन्हीकडचा म्हणून जेवून गेला. तांब्या मात्र बरा देला हां त्यानं." आणि सगळे हसायचे, मीही हसायचे. तो तांब्या आमच्या घरात रोज पाण्याला असतो.

मग गेल्या वर्षी ते निवाऱ्याचं प्रकरण निघालं.

शाळेच्या आजूबाजूला आता वस्ती झाली आहे, दुकानं झाली आहेत. व्यापाऱ्यांनी अर्ज दिला, ही मोक्याची जागा, इथं गाळे काढा, भिकाऱ्यांना कशाला? अर्जावर माझ्या नवऱ्याचीही सही होती. त्यानं मला सांगितलं तेव्हा मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले. नगर परिषदेनं सगळ्यांचं ऐकून घ्यायला सभागृहात बैठक लावली. बैठक म्हटली की खुर्च्या भरायला बचत गटाच्या बायांना बोलावतात, ही आमच्याकडची रीतच आहे. आमच्या गटाच्या अध्यक्ष सासूबाई. त्यामुळे मी तिसऱ्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी.

मॅनेजर आत आले. तेच धोतर, तीच टोपी, मिशा पांढऱ्या. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं, ह्योच की त्यो! तुझ्या लग्नातला फुकट्या!"

मी म्हटलं, "कोण जाणे बाई."

मुख्याधिकारी साहेब तरुण होते, आणि माणूस वाईट नव्हता. व्यापाऱ्यांचं ऐकून झाल्यावर ते मॅनेजरांना म्हणाले, "हे बघा, पुढच्या वर्षाचा निधी मागायचा तर मला वर काहीतरी दाखवावं लागेल. तुमच्याकडून कामाला लागून, घर करून राहिलेलं एक माणूस समोर आणा. एक पुरे. मी आजच निवारा चालू ठेवण्याचा प्रस्ताव पाठवतो."

"लय हायत साहेब."

"मग नाव सांगा."

"नाव नाई सांगता येत."

"का?"

"गिऱ्हाइकाचं नाव काउंटरच्या भाईर सांगत नसते."

सभागृह हसलं. एक व्यापारी म्हणाला, "नावं असतील तं सांगन ना! रजिस्टरात कोनीही लिहिते." साहेबांनी कपाळ चोळलं. "अहो, समजून घ्या. एक माणूस दाखवा, नाहीतर माझा नाइलाज आहे." मॅनेजर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. मी कुठं बसले आहे हे त्यांना आत येतानाच दिसलं होतं, माझी खात्री आहे. त्यांनी सबंध वेळात एकदाही तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

त्या सभागृहात मी एकटी नव्हते. मागच्या दारात चहाचा ट्रे धरून उभा असलेला शिपाई आमच्या वेळी पुरुषांच्या खोलीत होता. तो ट्रेमधल्या कपांकडे बघत होता. दवाखान्यातली एक बाई आमच्याच गटात होती, तिनं पर्समध्ये तोंड घातलं होतं. सगळे मॅनेजरांनी शिकवल्याप्रमाणे वागत होते.

मी उभी राहिले. कशी ते माहीत नाही. पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. "साहेब," मी म्हटलं, "मी राहिलेली आहे तिथं. मी आणि माझी आई. यांनीच आईला काम लावून दिलं."

सगळ्या माना वळल्या. सासूबाईंचीही वळली. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

साहेबांचा चेहरा खुलला. "वा! ओळखता ना तुम्ही यांना?" त्यांनी मॅनेजरांना विचारलं.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्यामधून पलीकडे पाहिलं, भाजीबाजारात पाहिलं होतं तस्संच. "नाई साहेब. ह्या बाईले मी ओळखत नाई. आमच्या इथं कधी उतरल्याच नाईत ह्या. काहीतरी गलतफहमी झाली त्याहिची. चांगल्या घरच्या दिसतात."

"शिकवून आनलेली दिसते," तो व्यापारी म्हणाला, आणि पुन्हा हशा.

मला म्हणता आलं असतं, साहेब, उघडा रजिस्टर, माझं माहेरचं नाव वाचा. म्हणता आलं असतं, मॅनेजर, पुरे झाली तुमची लॉज. तोंडाशी आलंही होतं. पण त्या क्षणी माझ्या छातीवरून जसा काही कोणी दगड उचलला. सुटले बाई, वाचले, गैरसमज झाला, असंच सगळे म्हणतील. मला गार, हलकं, छान वाटलं. आजही मला लाज वाटते ती त्या छान वाटण्याची. निवाऱ्यात राहिल्याची लाज त्याच्यापुढं काहीच नाही. मी खाली बसले. साहेबांनी पान उलटलं.

निवारा बंद झाला. जे राहिले होते त्यांना टेम्पोत बसवून दुसऱ्या गावच्या निवाऱ्यात नेऊन सोडलं. म्हणतात, मॅनेजरांनी एकेकाला काउंटरसमोर उभं करून विचारलं, सामान पाहून घ्या, काही राह्यलं तर नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तरी त्यांनी कोणाला घाई केली नाही. आता तिथं पत्रे ठोकलेत, गाळे काढायचं काम चालू आहे. माझा नवरा एक गाळा मिळतो का ते बघतोय.

बैठकीहून आम्ही पायीच घरी आलो. वाटेत सासूबाई माझ्यापुढं चार पावलं चालत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. साहेबांना मदत म्हणून बोलले, गटाचं नाव होईल म्हणून बोलले, असं काहीबाही. घरी आल्यावर त्यांनी पायावर पाणी घेतलं, आत गेल्या, आणि तो बिननावाचा तांब्या भरून माझ्यासमोर आणून ठेवला.

"ह्यो त्यानंच देला ना?"

मी मान हलवली. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला. जिनिंगची कॉलनी, माझी आई, सगळं काढा एकदाचं. मी भिंतीला टेकून बसले.

सासूबाई माझ्यासमोर बसल्या. चिडल्या होत्या, पण मी वाटेत जुळवलेलं एकही उत्तर लागू पडेल असं काही त्यांनी विचारलंच नाही.

"त्यो म्हणला वळखत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तू खाली बसलीस व्हय गं?"